रेकॉर्डिंगआधीची ४३ मिनिटं: डिजिटल मल्टिट्रॅकसाठी टेप कशी तयार करतात

एडॅट मशीनमध्ये, म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर आठ वेगवेगळे आवाज भरणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरमध्ये, नवी कोरी एस-व्हीएचएस कॅसेट घातली आणि थेट रेकॉर्ड दाबलं, तर मशीन काहीही भरून घेत नाही. कॅसेट चांगली, मशीन चांगलं, माइक जोडलेले, शाहीर गळा साफ करून उभे, आणि तरी काम पुढे सरकत नाही. टेप अजून फॉरमॅट झालेली नसते.

मुंबई-पुण्यातले स्टुडिओ कॉम्प्युटरवर गेले तशी ही आठ ट्रॅकची मशीनं स्वस्तात बाहेर पडली. त्यातली काही फिरत फिरत आपल्या कोल्हापूरकडच्या कलापथकांकडे, भजनी मंडळांकडे, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे आली. मशीन आलं, पण ते चालवणारा माणूस सोबत आला नाही. मध्यंतरी एका कलापथकातल्या पोरानं मला विचारलं, "काका, कॅसेट कोरी हाय न्हवं? मग घ्या की लगेच."

कोरी आहे म्हणूनच थांबावं लागतं. टेपवर कुठे काय लिहायचं हे मशीनला कळावं म्हणून आधी अख्ख्या टेपवर पत्ते लिहून घ्यावे लागतात. त्याला फॉरमॅट करणं म्हणतात. सर्वसाधारण कॅसेटला याला साधारण ४३ मिनिटं लागतात आणि माझ्या मते ही ४३ मिनिटं रेकॉर्डिंगचाच पहिला भाग आहेत. ती वाचवायला जाणारा माणूस पुढे कितीतरी जास्त वेळ घालवतो. असं का, ते नीट समजून घेऊ.

आवाज भरायला व्हिडिओची कॅसेट का वापरली, इथून सुरुवात करायला हवी. अमेरिकेतल्या अलेसिस कंपनीनं १९९१ च्या जानेवारीत एडॅट जाहीर केलं आणि १९९२ मध्ये ते बाजारात आलं. किंमत होती ३,९९५ डॉलर. त्याआधीची बहुतेक डिजिटल मल्टिट्रॅक मशीनं मोठ्या स्पूलवर चालायची आणि मोठ्या शहरांतल्या मोठ्या स्टुडिओंनाच परवडायची. एडॅटमध्ये प्रत्येक ट्रॅकवर आवाजाचं माप सेकंदाला ४८,००० वेळा घेतलं जातं, प्रत्येक माप १६ बिटचं, आणि असे आठ ट्रॅक. गुणाकार केला तर दर सेकंदाला ६१,४४,००० बिट होतात. ४० मिनिटांच्या आठ ट्रॅकचा निव्वळ आवाजच सुमारे १.८४ जीबी भरतो. त्या काळी घरगुती कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शे-दोनशे एमबीची असायची. एवढा मजकूर इतक्या वेगानं आणि परवडेल अशा दरात लिहून घेईल अशी वस्तू त्या वेळी दुकानात तयार मिळत होती, ती म्हणजे व्हिडिओ कॅसेट. अलेसिसनं एस-व्हीएचएस घेतली. १९९३ मध्ये आलेल्या टॅस्कॅमच्या डीए-८८ नं त्याहून लहान, हाय-८ कॅमेऱ्याची कॅसेट घेतली. कॅसेट वेगळ्या असल्या तरी तयारीचं तत्त्व दोन्हींचं एकच आहे.

आता मल्टिट्रॅक म्हणजे काय, ते आपल्याच गावाच्या गोष्टीवरून पटकन लक्षात येईल. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३२ मध्ये तिनं पहिला मराठी बोलपट इथेच तयार केला. तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत आलेली नव्हती. नट-नट्या कॅमेऱ्यासमोर गायचे, साथीदार आडोशाला बसून वाजवायचे आणि सगळ्यांचा आवाज एकत्रच नोंदला जायचा. एकानं सूर सोडला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅक मिळतो. पोवाड्याचं उदाहरण घ्या. डफाला एक, तुणतुण्याला एक, ढोलकीच्या दोन बाजूंना दोन, झांजेला एक, पेटीला एक, झीलकऱ्यांना एक आणि शाहिरांना एक, की झाले आठ. झीलकऱ्यांनी एका चौकात जी ओढायला उशीर केला तर तेवढीच ओढ, तेवढ्याच ट्रॅकवर परत घेता येते. बाकीचे सात ट्रॅक जसेच्या तसे राहतात.

ही सोय मिळायची तर मशीनला टेपवरच्या त्याच जागी, अगदी त्याच क्षणावर परत येता आलं पाहिजे. अंदाजे येऊन चालत नाही. सेकंदाला ४८,००० मापं असतील तर एक माप एका सेकंदाच्या ४८,००० व्या भागाचं, म्हणजे जवळपास २१ मायक्रोसेकंदांचं. नवी ओढ जुन्या ढोलकीशी इतक्या बारकाईनं जुळावी लागते. हे जुळवण्याचं काम फॉरमॅटमध्ये लिहिलेले पत्ते करतात.

हे पत्ते लिहिले कुठे जातात, ते बघू. साध्या ऑडिओ कॅसेटमध्ये हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, एका जागी स्थिर असतं आणि टेप त्याच्यासमोरून सरळ सरकते. व्हिडिओ कॅसेटमध्ये तसं नसतं. तिथे टेप एका तिरक्या ड्रमभोवती गुंडाळली जाते. ड्रम फिरत असतो आणि हेड त्या ड्रमवर बसवलेली असतात. आपल्या घरच्या व्हीसीआरमध्ये हा ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घ्यायचा. एडॅटमध्ये तो त्याहूनही वेगानं फिरतो. टेप हळू सरकते, हेड वेगानं फिरतं, त्यामुळे टेपवर एकापाठोपाठ एक बारीक तिरक्या रेघा उमटतात. आठही ट्रॅकचा मजकूर या रेघांमध्ये ठरलेल्या जागी बसतो. पहिल्या ट्रॅकसाठी टेपची वरची पट्टी आणि आठव्यासाठी खालची, अशी जुन्या स्पूल मशीनसारखी वाटणी यात नसते.

म्हणून कोरी टेप मशीनला पूर्ण अनोळखी असते. तिच्यावर एकही रेघ नसते, त्यामुळे हेडनं कुठून उतरायचं, रेघेत कुठल्या ट्रॅकचा हिस्सा कुठे आहे आणि सुरुवातीपासून आपण किती वेळावर आहोत, यातलं काहीच मशीनला ठरवता येत नाही. फॉरमॅट करताना मशीन टेपच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत या रेघा आखतं आणि त्यांत सलग वेळेचे पत्ते लिहीत जातं. मोजणी होऊन हद्दीचे दगड रोवले गेले की शेताचा कुठला तुकडा कुणाचा यावर वाद राहत नाही, तसंच हे आहे. पुढे पेरणी बदलली तरी दगड हलत नाहीत. रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पुसून नवं घेता येतं, पत्ते मात्र फॉरमॅटच्या वेळचेच राहतात. ते लिहिताना मधे कुठे खड्डा पडला तर त्या जागी नंतर घेतलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग त्याच खड्ड्यात पडतं.

दोन मशीनं जोडली की पत्त्यांचं महत्त्व आणखी वाढतं. एका केबलनं एडॅट एकमेकांना जोडता येतात, १६ मशीनपर्यंत, म्हणजे १२८ ट्रॅकपर्यंत. पहिलं मशीन सांगतं, मी अमुक पत्त्यावर आहे, आणि दुसरं आपली टेप पळवून त्याच पत्त्यावर येऊन चिकटतं. एका टेपचे पत्ते स्वच्छ आणि दुसरीचे अर्धवट असतील तर दुसरं मशीन मागे-पुढे धावत राहतं आणि जुळतच नाही. अशा वेळी लोक मशीनला दोष देतात, पण आधी टेप तपासायला हवी.

आता कॅसेटची निवड. एडॅटला एस-व्हीएचएसच हवी. साधी व्हीएचएस दिसायला तशीच असते, पण तिच्यावरचा चुंबकीय थर इतक्या दाट लिखाणासाठी बनवलेला नाही. लांबीच्या बाबतीत आपल्याकडे एक खास गोंधळ होतो. अमेरिकेत टीव्हीची पद्धत एनटीएससी, आपल्याकडे पाल, आणि दोन्हींत व्हीसीआरमधली टेप वेगवेगळ्या वेगानं धावते. त्यामुळे कॅसेटवर छापलेली मिनिटं त्या-त्या देशाच्या हिशोबाची असतात. अमेरिकन १२० च्या कॅसेटमध्ये सुमारे २४६ मीटर टेप असते, आपल्याकडच्या १८० च्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर. आकड्यांत दीडपटीचा फरक, टेपमध्ये जेमतेम १२ मीटरचा. एडॅट टेप बरीच वेगानं ओढतं, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे १२० च्या कॅसेटवर ४० मिनिटं आणि थोडी वर एवढंच काम होतं. १८० ची पाल कॅसेट घेऊन तासभराचं कीर्तन भरायचं ठरवलं असेल तर ते पाऊण तासाशी येऊन संपेल. डीए-८८ टेप खूप सावकाश ओढतं. १२० ची एनटीएससी हाय-८ कॅसेट त्यात १०८ मिनिटं चालते, आणि अर्थातच फॉरमॅटलाही तेवढाच वेळ घेते.

फार लांब कॅसेटच्या मोहात पडू नका, एवढं नक्की सांगेन. जास्त मिनिटं मावावीत म्हणून त्यांतली टेप पातळ केलेली असते, आणि ओव्हरडबिंगमध्ये, म्हणजे आधी भरलेल्या ट्रॅकसोबत नवा आवाज भरताना, एकच कडवं वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे केलं जातं. पातळ टेप तो ताण सोसत नाही.

नवी टेप मिळणं हाही आता प्रश्नच आहे. व्हीएचएसचा व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी, फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. आज जी 'नवी' एस-व्हीएचएस मिळते ती वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिलेली असते. प्लास्टिकचं वेष्टण शाबूत असलं म्हणजे आतली टेप शाबूत असेलच असं नाही. कोल्हापुरात तर मुळीच नाही. इथे जून ते सप्टेंबर हवेत जो ओलावा असतो त्यात कपाटातले कपडे दमट होतात, मग टेपचं काय होत असेल! टेपवरचा चुंबकीय थर ज्या चिकट पदार्थानं बसवलेला असतो तो ओल शोषतो, आणि अशा टेपवर बुरशी आरामात वाढते.

म्हणून कॅसेट मशीनमध्ये घालण्याआधी हातात घेऊन बघायची. कडेला असलेलं छोटं बटण दाबलं की पुढची झडप उघडते. खिडकीजवळच्या उजेडात ती तिरकी धरा. टेपचा पृष्ठभाग सलग, गडद आणि आरशासारखा दिसला पाहिजे. कडा सुरकुतलेल्या किंवा लाटालाटांच्या दिसल्या तर ती कॅसेट बाजूला ठेवा, कारण टेपच्या कडेलाच मशीनला वेग सांभाळायला लागणाऱ्या खुणा असतात. मग कॅसेट पालथी-सुलटी करून पारदर्शक खिडकीतून गुंडाळीकडे बघा. वेटोळ्यांचा थर सपाट, काळा दिसायला हवा. त्यावर पांढुरके ठिपके, कापसाच्या तंतूसारखी जाळी किंवा राखाडी वर्तुळं दिसली तर ती बुरशी. बुरशी लागलेली कॅसेट 'एकदा चालवून बघू' म्हणून कधीही मशीनमध्ये घालू नका. ती हेड बुजवते आणि त्या मशीनमधून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. कॅसेट नाकाशी धरली तर कुबट वासही येतो, आणि कित्येकदा डोळ्यांआधी तो वासच सांगून जातो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात बुडालेल्या कॅसेट अजूनही लोक जपून ठेवतात. त्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्या टेप घासून, पंख्याखाली वाळवून किंवा केस वाळवायच्या यंत्रानं सुकवून वापरायला काढू नका. त्यांवर काही मोलाचं असेल तर जुन्या टेप सोडवणाऱ्या जाणकाराकडे द्या. फॉरमॅट करून नव्या कामाला लावण्यासाठी तर त्यांचा विचारही नको.

कॅसेट चांगली निघाली तरी लगेच मशीनमध्ये घालायची नाही. ज्या खोलीत काम आहे त्या खोलीत कॅसेट आणि मशीन दोन्ही दोन-तीन तास शेजारी शेजारी राहू द्या. थंड वस्तू उबदार, दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प जमतं. डिसेंबरच्या पहाटे गाडीच्या डिकीतून मशीन आणलं आणि माणसांनी भरलेल्या सभागृहात ठेवलं तर ड्रमवर डोळ्यांना न दिसणारं दव बसतं. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर काढलेल्या मशीनचंही हेच. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि तिथेच चुरगळते. काही मशीनमध्ये दव ओळखणारा सेन्सर असतो, तो मशीन चालूच होऊ देत नाही. त्याला फसवायचे उपाय शोधू नका, तो आपल्या बाजूनं आहे.

मशीनची सफाई जाणकाराकडूनच करून घ्या. हेडवर कापसाची काडी वर-खाली घासली तर ते बारीक हेड तुटतं. हरणाच्या कातड्यासारखं मऊ, तंतू न सुटणारं कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला स्थिर टेकवायचं आणि ड्रम हातानं आडवा फिरवायचा, ही खरी पद्धत. फॉरमॅटच्या आदल्या दिवशी ही सफाई झालेली असली तर फार चांगलं. फॉरमॅट करताना हेड घाण असेल तर ती घाण पत्त्यांमध्ये उतरते, आणि नंतर हेड कितीही स्वच्छ केलं तरी ती टेपवरून जात नाही.

यानंतर कॅसेट मशीनमध्ये घालून एकदा शेवटपर्यंत पुढे पळवायची आणि परत सुरुवातीला आणायची. कित्येक जण ही पायरी सोडतात. वर्षानुवर्षं एकाच स्थितीत पडून राहिलेल्या टेपची वेटोळी काही ठिकाणी घट्ट, काही ठिकाणी सैल झालेली असतात. एकदा पूर्ण पळवल्यानं ताण सारखा होतो आणि टेप मशीनच्या चालीत बसते. सुटी धूळही थोडीफार निघून जाते.

मग एक निर्णय फॉरमॅटच्या आधीच घ्यायचा आहे, तो सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची मापं किती वेळा घ्यायची याचा. ४४.१ हजार की ४८ हजार? काम शेवटी सीडीसाठी असेल तर ४४.१, चित्रीकरणासोबत जाणार असेल तर ४८, हा साधा नियम आहे. सुरुवातीचं काळं एडॅट मुळात ४८ वर चालतं, त्यात ४४.१ हवं असेल तर वेग आणि सूर कमी-जास्त करणारा पिच कंट्रोल खाली, उणे १४७ सेंटवर आणावा लागतो (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). नंतरच्या एडॅट-एक्सटीमध्ये ४४.१ थेट निवडता येतं. हा आकडा टेपचं काम संपेपर्यंत बदलायचा नाही. ४४.१ ला भरलेली टेप ४८ नं वाजवली तर ४० मिनिटांचा कार्यक्रम पावणेसदतीस मिनिटांत संपतो आणि काळी एकमध्ये गायलेले शाहीर पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येतात. त्यावर पेटीची साथ पुन्हा घ्यायची म्हटली तर कुठलीच पट्टी लागत नाही.

आता प्रत्यक्ष फॉरमॅट. टेप अगदी सुरुवातीला आणा. फॉरमॅटचं बटण एकटं दाबून काही होत नाही, त्यासोबत रेकॉर्डही लागतं. चुकून हात पडून भरलेली टेप पुसली जाऊ नये म्हणून ही योजना केली आहे. बटणांचा क्रम मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो, तो मशीनच्या पुस्तिकेत बघून घ्या. सुरू झालं की डिस्प्लेवर आधी 'लीड' अशी अक्षरं येतात. टेपचा पहिला तुकडा, साधारण १५ सेकंदांचा, मशीन मोकळा सोडून देतं, कारण कॅसेट आत-बाहेर करताना सर्वात जास्त झीज तिथेच होते. मग 'डेटा' येतं आणि दोन मिनिटं तसंच राहतं. ही जागा मोठ्या रिमोट कंट्रोलसाठी राखलेली असते. गाण्यांची नावं, त्यांच्या जागा, ताल असली माहिती तिथे साठते. तुमच्याकडे तो रिमोट नसला तरी ही दोन मिनिटं जातातच. त्यानंतर घड्याळ शून्यावर येतं आणि मिनिट-सेकंद मोजू लागतं. इथून पुढे टेप संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही म्हणजे त्या टेबलावर ढोलकीही ठेवायची नाही. धक्का लागला, मशीन हललं, तर त्या क्षणाची रेघ वाकडी उमटू शकते.

आपल्याकडे सर्वात मोठा धोका विजेचा. एप्रिल-मे महिन्यांत दुपार कलली की वळीव येतो, वारा सुटतो आणि दिवे जातात. त्या दिवसांत फॉरमॅट सकाळीच उरकून घ्यावं, आणि मशीन यूपीएसवर असावं. मशीनला वीज फार लागत नाही, घरगुती यूपीएस ते टेप थांबवून बाहेर काढण्याइतका वेळ सहज सांभाळतं. यूपीएस नसताना वीज गेलीच, तर टेप ड्रमभोवती गुंडाळलेली असतानाच सगळं थांबतं. वीज आल्यावर घाईनं कॅसेट ओढू नका. मशीनला स्वतः टेप सोडवू द्या, मग झडप उघडून टेपला घडी पडली आहे का ते बघा. घडी नसेल तर पुन्हा पहिल्यापासून फॉरमॅट करा.

'पहिल्यापासून' यावर लोक हमखास अडतात. एडॅटमध्ये अर्धवट फॉरमॅट पुढे वाढवता येतं, हे खरं आहे. आधीच्या फॉरमॅट झालेल्या भागात थोडं मागे जायचं, मशीनला जुने पत्ते वाचू द्यायचे आणि तिथून पुढे फॉरमॅट चालू करायचं. मशीन जुन्या पत्त्याला नवा पत्ता जोडून घेतं. फॉरमॅट करता करताच गाणं भरायचीही सोय आहे. या दोन्ही सोयी अडचणीच्या वेळेसाठी आहेत. प्रवासात, जत्रेत, कीर्तन सुरू व्हायला दहा मिनिटं उरली असताना त्या उपयोगी पडतात आणि तेव्हा जरूर वापराव्यात. पण हातात वेळ असताना त्यांचा आधार घेणं मला पटत नाही. प्रत्येक जोड ही दुबळी जागा असते. आज एका मशीनवर ती सांभाळली जाईल, पाच वर्षांनी दुसऱ्या मशीनवर टेप लावली की नेमकी तिथेच अडखळेल, आणि त्या जागी शाहिरांची सर्वात चांगली ओळ असू शकते. टेपवर अजून काहीच भरलेलं नसताना पहिल्यापासून सुरू केलं तर जातं काय? फक्त वेळ.

फॉरमॅट पूर्ण झाल्यावर टेप एकदा सुरुवातीपासून वाजवून बघा. कानाला काही ऐकू येणार नाही, लक्ष डिस्प्लेवर ठेवायचं. डिजिटल टेपवर बारीकसारीक चुका होतच असतात. धुळीचा एक कण आला तरी काही बिट वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक मजकुरासोबत काही जादा बिट गणितानं तयार करून लिहिलेले असतात, आणि त्यांच्यावरून हरवलेले बिट पुन्हा अचूक काढता येतात. या गणिताला रीड-सॉलोमन म्हणतात, तेच सीडीतही वापरतात. चुका त्या गणिताच्या आवाक्याबाहेर गेल्या की मशीन आजूबाजूची मापं बघून मधलं माप अंदाजानं भरतं आणि तसं करत असल्याचा इशारा देतं. त्याहून जास्त झालं की आवाज क्षणभर बंद. कोऱ्या, नुकत्या फॉरमॅट केलेल्या टेपवर एखाद्या ठिकाणी असा इशारा क्षणभर आला तर ती वेळ कागदावर लिहून ठेवा आणि तिथे गाणं येऊ देऊ नका. वारंवार आला तर टेप बाद. हे रेकॉर्डिंगच्या आधी कळलं तर एका कॅसेटचंच नुकसान होतं.

शक्यतो ज्या मशीनवर भरायचं त्याच मशीनवर फॉरमॅट करा. प्रत्येक मशीनच्या ड्रमची आणि टेपला वाट दाखवणाऱ्या गाइडची बैठक केसभर वेगळी असते आणि त्यांनी आखलेल्या रेघाही तशाच वेगळ्या. दोन मशीन जोडून काम असेल तर दोन्ही टेप एकाच सॅम्पल रेटनं, पूर्ण फॉरमॅट करून घ्या. पहिलं गाणं घड्याळाच्या शून्यावर सुरू करू नका, निदान एखादं मिनिट सोडा. दुसऱ्या मशीनला धावत येऊन पत्ता गाठायला जागा लागते.

कॅसेटच्या लेबलावर फॉरमॅटची तारीख, सॅम्पल रेट, कुठल्या मशीनवर केली आणि जोडीतली पहिली की दुसरी, एवढं बॉलपेननं लिहून मगच लेबल चिकटवा. २० बिटची एडॅट वापरत असाल तर तेही लिहा. त्या मशीनवर १६ बिटच्या जुन्या टेप चालतात, पण २० बिटला फॉरमॅट केलेली टेप जुन्या १६ बिटच्या मशीनवर वाचता येत नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मुद्दाम वेगळी सांगतो. फॉरमॅट म्हणजे आठही ट्रॅक पूर्ण पुसणं. आपल्याकडे जुन्या एस-व्हीएचएस कॅसेट लेबलाशिवाय सापडतात आणि कुणीतरी त्या नव्या कामासाठी देऊन टाकतं. व्हीसीआरमध्ये लावल्यावर पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या म्हणून ती कोरी ठरत नाही. एडॅटवर भरलेली टेप व्हीसीआरमध्ये लावली तरी धड चित्र येत नाही. आधी कॅसेटच्या पाठीकडची प्लास्टिकची खूण मोडा, म्हणजे कुठलंही मशीन तिच्यावर लिहिणार नाही. मग ती एडॅटमध्ये वाजवून बघा, आणि आठही ट्रॅक वेगवेगळे ऐका, कारण एखाद्या मंडळानं फक्त सातव्या ट्रॅकवर एकच अभंग भरलेला असू शकतो.

काही सापडलं तर ते लगेच कॉम्प्युटरवर घ्या. एडॅटच्या मागे असलेल्या ऑप्टिकल जोडणीतून एकाच केबलनं आठही ट्रॅक एकदम, डिजिटलच्या डिजिटल बाहेर पडतात, आणि अशी जोडणी असलेले इंटरफेस, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी यंत्रं, आजही नवे मिळतात. मापांची लय ठरवणारं इंटरफेसचं घड्याळ स्वतःचं न ठेवता ऑप्टिकल इनपुटवर लावायचं आणि सॅम्पल रेट टेपचाच निवडायचा. मग टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजवायची, मधे थांबवायची नाही.